तीन नंबरचा ठोका

मानवतच्या पाथरी रस्त्यावर चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याच्या कानाबद्दल गावात इतक्या कथा होत्या की त्यातल्या अर्ध्या त्यानेच पसरवल्या असाव्यात. म्हणे टपरीवर चहा पिता पिता तो रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायचा आणि हिचा दोन नंबरचा व्हॉल्व्ह गेला म्हणून सांगायचा. खरं निघालं की गावभर व्हायचं, खोटं निघालं की गाडी परगावची असायची. पण इंजिन बांधण्यात माणूस पक्का होता, हे त्याचे वैरीही कबूल करत. त्याने बांधलेलं इंजिन लाख किलोमीटर उघडावं लागत नाही अशी ख्याती होती, आणि मिस्त्री माणसाची ख्याती म्हणजेच त्याचा जमीनजुमला.

म्हणून दिवाळीच्या चार दिवस आधी, भर दुपारी, भागवतरावांची जीप दारात येऊन थांबली आणि इंजिन चालू ठेवूनच भागवतराव खाली उतरले, तेव्हा चंद्रभान हातातला पाना खाली ठेवून उठला. हे इंजिन त्याच्याच गॅरेजात बांधून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आणि ते आतून वाजत होतं.

"ऐका मिस्त्री," भागवतराव म्हणाले. "तुमच्या कानाचं लय नाव हाय. ऐका आता."

भागवतराव सोनपेठकडचे मोठे बागायतदार. दोन जीपा, चार ट्रॅक्टर, आणि दहा गावांत शब्दाला वजन. ते ज्या गॅरेजात जात त्या गॅरेजात त्यांचे भाऊबंद, व्याही, साडू असे सगळे जात. आज सोबत गावातली दोन माणसं होती. ती दारातल्या बाकावर जाऊन बसली, तमाशाला बसावं तशी.

मिस्त्री लोकांची एक खोड असते. आपण बांधलेल्या इंजिनात आवाज आला की ते आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेतात. चंद्रभाननेही तेच केलं. पंख्याचा पट्टा काढून पाहिला. इंजिनाखालचे रबर हलवून पाहिले. वरचं झाकण उघडून व्हॉल्व्हच्या फटी मोजल्या. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि आवाज काही जात नव्हता. गाडी थंड असताना गप्प, गरम झाली की ठक ठक ठक, अन् पाय दाबला की आणखी जोरात. असा आवाज कशाचा असतो ते चंद्रभानला पहिल्याच ठोक्याला कळलं होतं. फक्त ते कबूल करायला त्याला पाऊण तास लागला.

मग त्याने हातभर लांबीचा पेचकस घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वर आवाज बारीक होता. खाली खाली सरकत गेला तसा तो मोठा होत गेला, आणि तिसऱ्या सिलेंडरच्या खाली तर मूठ कानात हातोडीसारखी वाजायला लागली. तरी खात्री करावी म्हणून त्याने चालू इंजिनावर डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. पहिल्याचं डिझेल तोडलं, इंजिन लंगडलं, ठोका तसाच. दुसऱ्याचं तोडलं, ठोका तसाच. तिसऱ्याचं तोडलं आणि ठोका गेला. नट आवळला, ठोका आला.

"तीन नंबरचं बेअरिंग," तो हात पुसत म्हणाला. "खालचं. क्रँकवरचं."

रोग सापडला होता. आता तो कुणाच्या माथी मारायचा, एवढंच राहिलं होतं. ते काम भागवतरावांनी हाती घेतलं.

"खालचं काम कुनी केल्तं?"

"सिद्धोधननं," चंद्रभान म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. पण खरं बोलतानाही माणूस एक पाऊल मागे सरकतो तेव्हा त्यात काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. चंद्रभान सरकला होता.

सिद्धोधन गॅरेजच्या मागच्या अंगाला एका टेम्पोचे ब्रेक भरत होता. शेहेचाळीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. भीमनगरात घर. बावीस वर्षं चंद्रभानच्या हाताखाली, आणि गेली दहा वर्षं हाताखाली म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. त्याने काढलेला वॉशरसुद्धा मोजलेला असायचा. चंद्रभानला मुलगा नव्हता, एकुलती एक मनिषा नांदेडला दिलेली. येत्या दिवाळी पाडव्याला बोर्ड नव्याने रंगवायचा आणि त्यावर आपल्या नावाशेजारी सिद्धोधनचं नाव घालायचं, असं त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. पेंटर येऊन माप घेऊन गेला होता. त्या दिवशी सिद्धोधन घरी जाताना दारातून दोनदा वळून त्या कोऱ्या पत्र्याकडे बघत होता, आणि चंद्रभानने ते पाहिलं होतं.

"दसऱ्याच्या सकाळी बांधलं म्हने," भागवतराव आवाज चढवून म्हणाले, मागपर्यंत जावा असा. "त्या दिवशी याचं ध्यान कुटं असतंय ते समद्या मानवतला ठावं हाय. पांढरी कापडं घालून इंजिनात हात घातला आसंल, डोळे घड्याळाकडं. अन् म्या म्हन्तो मिस्त्री, खंडेनवमीला जो हत्याराला हात जोडत न्हाई, त्याच्या हाताला येस यावं कसं?"

बाकावरच्या दोघांनी माना हलवल्या. सिद्धोधन फडक्याने बोटं पुसत पुढे आला. त्याने भागवतरावांकडे पाहिलंच नाही.

"खोलून बगू उस्ताद," तो म्हणाला. "खोलल्याबिगर कामून कुनाचं नाव घ्यायचं?"

आता बाकावरची माणसं चंद्रभानकडे बघत होती. अशा वेळी हाताखालच्या माणसावर ओरडलं नाही तर तो उस्ताद कसला?

"तुला घाई झाल्ती त्या दिवशी!" चंद्रभान कडाडला. "धा वाजता विहारात जायचंय, धा वाजता जायचंय, एवढंच चालल्तं तुझं. एवढ्या वर्षांत पयल्यांदा माझ्या इंजिनात ठोका निघायलाय."

सिद्धोधनने पोतं अंथरलं, पाने घेतले आणि जीपखाली शिरला. चंद्रभान दुसऱ्या बाजूने शिरला.

गाडीखालचं जग वेगळं असतं. दोन माणसं उताणी, नाकावर लोखंड, आणि बाहेरच्या दुनियेचे फक्त पाय दिसतात. भागवतरावांच्या कोल्हापुरी चपला हातभर अंतरावर होत्या. दोघांनी तेल सोडलं. तेलात बारीक चकाकी होती, बेअरिंगचा धातू झिजून विरघळलेला. खालचं पत्र्याचं चेंबर उतरवलं. सिद्धोधनने तीन नंबरचे नट काढले आणि बेअरिंगची टोपी खाली घेतली. बेअरिंग काळंठिक्कर पडून वितळलं होतं. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, तेवढीच जागा निळी पडली होती. तेलाविना जळाल्याशिवाय लोखंड असं निळं पडत नाही.

"तेल पोचलंच न्हाई हितं," सिद्धोधन हळू म्हणाला. "भोक तुंबलंय."

क्रँकच्या पोटातून तेलाची वाट असते, करंगळीपेक्षा बारीक. ती बेअरिंगच्या जागी भोकातून बाहेर येते. सिद्धोधनने सायकलच्या चाकाची एक तार खिशात ठेवलेली असायची, ती काढून भोकात घातली. तार अडली. त्याने ती हलकेच फिरवली, ओढली, पुन्हा फिरवली. करकर आवाज झाला आणि कसलासा बोळा सुटून त्याच्या तळहातावर पडला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. वरून डांबरासारखा काळा. त्याने तो नखाने फोडला.

आत लाल होतं. लाल, आणि त्यात तांदळाचे तीन दाणे.

चंद्रभानला सगळं लख्ख आठवलं, आणि विसरण्यासारखं त्यात काही नव्हतंच. परभणीहून क्रँक घासून आला तो अष्टमीच्या संध्याकाळी. सिद्धोधनने तो डिझेलमध्ये धुतला, एकूण एक भोक तारेने साफ केलं, हवा मारली, तेलाचा हात फिरवला आणि प्लास्टिकात गुंडाळून ठेवला. "आता याला कुनी हात लावू नका उस्ताद," असं सांगून तो गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं चालवायची नसतात, त्यांना पुजायचं असतं. चंद्रभानने चौरंगावर पाने मांडले, जॅक मांडला, हातोड्या मांडल्या, आणि मधोमध मूर्ती असावी तसा क्रँक. आणि पूजेचं लोखंड उघडं पाहिजे म्हणून प्लास्टिक सोडलं. कस्तुराबाईंनी, त्याच्या बायकोने, कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवून दिलं होतं. चार सिलेंडरच्या चार जागा, चार जागांना चार बोटं. भोकं वरच्या अंगाला आलेली होती. बोट बरोबर भोकावर टेकत होतं. कुंकू वाळायच्या आत त्यावर अक्षता दाबल्या. दाबल्याशिवाय त्या गोल लोखंडावर राहत नव्हत्या.

आणि दसऱ्याची सकाळ. सिद्धोधन सहालाच हजर झाला होता, पांढऱ्या कपड्यांवर जुना शर्ट चढवून. त्याच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी तो फक्त उस्तादांनी मुहूर्त धरला म्हणून आला होता. कुंकवाने माखलेला क्रँक बघून तो थबकला. "धुऊन घेतो, हवा मारतो," तो म्हणाला. "अर्धा तास लागंल." त्यावर चंद्रभान काय म्हणाला होता? "पुजलेल्या लोखंडाला दसऱ्याच्या सकाळी डिझेलनं आंगोळ घालतो का? वरचं पुसून घे अन् बसव. मुहूर्त चाललाय." सिद्धोधनने तरी भोकांचा विषय काढला होता. "तूच साफ केलीस ना परवा? मंग?" असं म्हणून चंद्रभानने त्याचं तोंड बंद केलं होतं. देवाधर्माच्या गोष्टीत त्या गॅरेजात सिद्धोधन कधी बोलत नसे. बोलला नाही.

बाहेरून भागवतरावांचा आवाज आला. "काय निघालं?"

सिद्धोधनने चंद्रभानचा हात धरला आणि तो बोळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याची बोटंही मिटवून दिली.

"तुमीच सांगा उस्ताद," तो कुजबुजला. "मी कुकवाचं नाव काडलं तर येगळंच व्हईल. इंजिन राहील बाजूला. मला घरदार हाय. तुमी सांगितलं तर कुनी काय म्हननार न्हाई. दोन दिवस हसतील, बास."

हे अगदी खरं होतं, आणि चंद्रभानलाही ते कळत होतं. त्याच्या तोंडून ते हसण्यावारी गेलं असतं. पूजेत चूक नव्हती, चूक त्याच्या बोटात होती. चार शब्द होते: माझाच हात चुकला, भागवतराव. तो सरपटत बाहेर निघाला तेव्हा ते चार शब्द त्याच्या जिभेवर आलेले होते, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

उठून उभा राहिला तर समोर भागवतराव, मागे बाक, बाकावर दोन माणसं. पलीकडच्या गॅरेजचा नागेशही एव्हाना टपरीवरून येऊन दाराला टेकला होता. नागेश पंधरा वर्षं वाट बघत होता की चंद्रभानच्या हातून काहीतरी चुकावं.

"चिंधी," चंद्रभान म्हणाला. "तेलाच्या भोकात चिंधी राह्यली होती. पुसायची."

"कुनाची?"

"ज्यानं बांधलं त्याची."

"दाखवा की."

चंद्रभानची मूठ खिशात गेली. "जळून भुगा झाला. काय दाखवायचं?"

भागवतराव समाधानाने हसले. आपलं म्हणणं खरं ठरल्यावर माणूस गाडी बिघडल्याचं दुःखही विसरतो. "म्हन्लं नव्हतं?" ते बाकाकडे बघून म्हणाले. मग चंद्रभानकडे वळले. "गाडी हितंच राहू द्या. तुमी सोता बांधा. त्याचा हात माझ्या गाडीला लागला न्हाई पाहिजे. खरं इचाराल तर कोन्याच गाडीला नको."

जीपखालून सिद्धोधन लगेच बाहेर आला नाही. फक्त त्याचे पाय दिसत होते, टाचा पोत्यावर टेकवलेले, न हलणारे. चंद्रभान त्या पायांकडे बघत राहिला. पाय ओरडले असते तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

मग सिद्धोधन निघाला. साबण घेऊन नळावर गेला, कोपरापर्यंत हात धुतले. डबा घेतला, चष्म्याची पेटी घेतली. पाने सगळे गॅरेजचे होते, ते त्याने पुसून ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावले. जाताना तो चंद्रभानसमोर थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"क्रँक पुन्ना घासायला पाठवा उस्ताद. तीन नंबरचं भोक साफ झालंय." त्याने डबा काखेत धरला. "बाकीची तीन बी बगून घ्या."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चंद्रभानला मात्र कुणीतरी भर चौकात नागवं केल्यासारखं झालं. नंतर त्याने दार लावून पाहिलं. एक, दोन आणि चार, तिन्ही भोकांत लाल होतं. ती अजून पुरती तुंबली नव्हती, एवढंच. त्याने ती स्वतः धुतली, तारेने खरवडली, हवा मारली, आणि सगळं करताना सिद्धोधनची तार वापरली, कारण ती तो पोत्यावरच ठेवून गेला होता.

मानवतमध्ये बातमीला पाय लागत नाहीत, ती नागेशच्या तोंडूनच निघते. संध्याकाळपर्यंत सिद्धोधनचं नाव चिंधी मिस्त्री पडलं होतं. तो दोन-तीन गॅरेजांत विचारून आला. कुणी नाही म्हणालं नाही, फक्त हसून म्हणाले, "इंजिनाचं काम न्हाई सध्या, पडदे शिवायचे असले की सांगू." आठवडाभराने तो बायकोमुलांना घेऊन चुडाव्याला सासरवाडीला गेला. तिथे स्टेशनाजवळ तो सायकलींचे पंक्चर काढतो, असं कुणीतरी सांगितलं. ज्याच्या हातून एका केसाचा फरक सुटत नसे, तो माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो. चंद्रभान एकदा चुडाव्याला जायचं म्हणून निघाला. परभणीच्या स्टँडवर उतरला, चहा प्यायला आणि मानवतच्या एसटीत बसून परत आला.

पाडव्याला बोर्ड रंगवून झाला. पेंटरने विचारलं, "दुसरं नाव?" चंद्रभान म्हणाला, "ऱ्हाऊ दे." पेंटरने उरलेल्या जागेत एक पाना काढून दिला.

पण बोर्ड रंगायच्या आधीच, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, एक गोष्ट घडून गेली होती. चंद्रभान पूजेला बसला आणि त्याची नजर देव्हाऱ्यातल्या लहान पितळी वाटीवर गेली. वाटीत तीन तेलकट दाणे होते. काळे, मधूनच लाल.

"हे काय?" त्याने विचारलं.

कस्तुराबाई वाती वळत होत्या. "तुमच्या शर्टाच्या खिशात घावलं, धुनं भिजवताना. खंडेनवमीच्या अक्षता न्हवं का? कुकू म्याच कालवल्तं, वळखलं की. देवाचं धुन्याच्या पान्यात कसं टाकायचं? अन् तुमी इतकं जपून ठिवलं म्हंजे काय तरी आसंल, म्हन्लं ऱ्हाऊ द्यावं देवापाशी."

ते दाणे उचलून फेकायचे तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चंद्रभानने समई पुढे ओढली आणि वात लावली. काडी दोनदा विझली.

"सिद्धोधन भावजी औंदा येनार न्हाईत व्हय पाडव्याला?" कस्तुराबाई म्हणाल्या. "बावीस वर्सांत एक पाडवा चुकवला न्हाई त्यांनी. लेकरं घेऊन यायचे. मला तर खरंच वाटत न्हाई बगा. इतका नीट मानूस. चिंधी कशी काय राह्यली त्यांच्याकून?"

चंद्रभानने वाटीकडे पाहिलं. मग देवाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"व्हतंय," तो म्हणाला. "मानूस हाय. चुकतंय."